नानांचं काळं तिकीट

प्रिय दिन्या,

किती दिवस झाले पत्राला! रागावला असशील तर राग बाजूला ठेव आणि हे आधी वाच. तब्येत ठीक, गुडघा अधूनमधून कुरकुरतो.

माईंनी नानांचा अल्बम विकायला काढलाय. पेनी ब्लॅकखाली, म्हणजे त्या पहिल्यावहिल्या इंग्रजी टपाल तिकिटाखाली, नानांनी पेन्सिलीनं 'प्लेट ११' असा छपाईच्या पत्र्याचा नंबर लिहिलाय ना, तेवढ्यावर सगळी बोलणी चाललीत. दिन्या, ते तिकीट अकराचं नाही. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू?

त्याच अल्बमात खालच्या कोपऱ्यांत तीच दोन अक्षरं असलेलं, म्हणजे प्लेटवरच्या त्याच जागेचं, लाल पेनी तिकीट आहे, प्लेट ११चंच, प्रमाणपत्रासकट. दोन्ही शेजारी ठेवून भिंगाखाली धरली. लालमध्ये उजवीकडचं अक्षर चौकोनाच्या तळाला टेकलंय, जरा डावीकडे झुकलंय. काळ्यात तेच अक्षर वर, मधोमध, ताठ उभं! शाई कमीजास्त झाली तर रेघ जाड-बारीक दिसेल, अक्षर जागा सोडून वर कसं चढेल? राणीचा चेहरा रोलरनं दाबून प्लेटवर २४० वेळा उमटवला, म्हणून तो सगळीकडे सारखा. कोपऱ्यातली अक्षरं मात्र कारागिरानं हातानं एकेक ठोकली. प्लेट एकच असती तर काळ्यात आणि लालमध्ये अक्षर एकाच जागी सापडायला हवं होतं.

नानांनी अकरा कशावरून ठरवलं, त्याचाही मला अंदाज आहे. शिक्का काळा आहे. लाल शाईचा माल्टीज क्रॉस, म्हणजे तिकीट रद्द करायचा तो क्रुसासारखा शिक्का, पुसून तिकीट पुन्हा वापरता यायचं, म्हणून १८४१ च्या सुरुवातीला शिक्क्याची शाई काळी केली. प्लेट ११चे काळे ताव त्याच सुमाराचे. ते सातशेच छापले असं मानतात, म्हणून तर एवढा भाव. पण आधीच्या प्लेटांची तिकिटंही लोकांकडे शिल्लक असणारच की! त्यांच्यावरही काळाच शिक्का बसला.

अक्षरांकडे बघायला तूच मला शिकवलंस, त्या लिलावाच्या भांडणात. मी चारी कडा पूर्ण असलेलं तिकीट धरून बसलो होतो आणि तू एका बाजूनं कापलेलं उचललंस, का तर अक्षरं स्वच्छ. परतीच्या गाडीत तू खिडकीकडे तोंड करून बसलास आणि माझे शेंगदाणे मात्र संपवलेस! कडांच्या बाबतीत मी आजही माघार घेणार नाही.

माईंना कसं सांगू? लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीच्या तज्ज्ञ समितीकडे आधी पाठवू या, असं सुचवलं, तर त्यांचा चेहराच पडला. "नानांच्या शब्दावर तुमचा विश्वास नाही का?" म्हणाल्या. दिन्या, विश्वास आहे म्हणूनच जीव तुटतो रे. उद्या घेणाऱ्यानं तपासून घेतलं आणि नानांच्या अक्षराकडे बोट दाखवलं, तर ते मला सहन व्हायचं नाही. ते तिकीट आठचं किंवा नऊचं ठरलं तरी सुंदर आहे. छाप इतका खुला आहे की केसांच्या रेघा सुट्या दिसतात.

सोनूचा निकाल कळला, शाबास म्हणावं तिला! नव्या घरात पुस्तकांचे खोके उघडलेस का? वहिनींना नमस्कार.

सोबत दोन्ही तिकिटांचे मोठे केलेले फोटो आहेत. काळ्याचं डावीकडचं अक्षर नीट बघ, आठ की नऊ तिथेच अडलंय. आणि माईंशी तू बोल. तुझं त्या ऐकतात. पण सौदा ठरायच्या आत.

तुझा,
बाळ्या