पूरही आपल्याच चालीने येतो

मा. संपादक,

स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला युरोपातल्या डॅन्यूब नदीकाठच्या सायकल सफरीवरचा लेख वाचला. लेख छान आहे, पण पाऊस लागला तरी काळजी नको, वाट नदीच्या काठाकाठानेच जाते, हा सल्ला मला खटकला. नेमकी तीच तर काळजी. जर्मनीतलं पासाउ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना या टप्प्यात ही वाट बऱ्याच ठिकाणी जुन्या 'ट्रेपेलवेग'वरून जाते. पूर्वी प्रवाहाविरुद्ध नावा ओढणारे घोडे या वाटेने चालत. दोर पाण्यापर्यंत पोचायला हवा, म्हणून ती पाण्याला अगदी लगटून. नदी चढली की सगळ्यात आधी हीच बुडते.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ३ जून २०१३ला पासाउत पाणी १२.८९ मीटरवर गेलं. १५०१ नंतर तिथे एवढं पाणी कधी आलं नव्हतं. खालच्या अंगाला बुडापेस्टमध्ये त्याच पुराने ९ जूनला ८.९१ मीटरची पातळी गाठली. नदीमार्गे हे अंतर साधारण ५८० किलोमीटर, म्हणजे पूर दिवसाला शंभरेक किलोमीटर सरकला. सामान लादलेला सायकलवाला सत्तर-ऐंशी जातो. उतरत्या दिशेने निघालात तर पूर आणि तुम्ही जवळपास एकाच चालीने, आणि मुक्कामाच्या प्रत्येक गावात पाणी चढतंच आहे! त्यापेक्षा उंचावरच्या गावात दोन-तीन दिवस पत्ते कुटावेत आणि त्याला पुढे जाऊ द्यावं. उलट, वरच्या अंगाला निघालेल्याची पुराशी गाठ एकदाच पडते.

आम्ही तिकडे गेलो ते वर्ष एवढं भयंकर नव्हतं. वाटेवर चार बोटं पाणी, गढूळ, पण संथ दिसणारं. लाल-पांढरा अडसर आडवा लावलेला होता. आम्ही शहाणे, तो वळसा घालून ओलांडला. पुढच्या मित्राचं चाक एकदम तुंब्यापर्यंत खाली गेलं. डांबराची कड खालून पोखरली होती आणि वरून काहीच कळत नव्हतं. त्यात त्याच्या पॅनिअर बॅगा, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना अडकवलेल्या पिशव्या, वॉटरप्रूफ. त्या डबड्यासारख्या तरंगू लागल्या, मागचं चाक उचललं गेलं आणि सायकल नदीकडे वळायला लागली. त्याने हँडल सोडलं नाही, याचा मला अजून राग आहे. सायकल दुसरी मिळते. वीतभर खोल पण वेगाचं पाणी धडधाकट माणसालाही पाडतं.

पाणी ओसरल्यावरही लगेच निघू नये. मागे राहिलेला गाळ साबणासारखा असतो, आणि नदी ओलांडणाऱ्या लहान फेरीबोटी बंद असल्या तर पलीकडे जाण्यासाठी पुलापर्यंतचा हेलपाटा ठरलेला. चाकाच्या तुंब्यात, म्हणजे हबमध्ये, पाणी गेलं असेल तर ग्रीसचा पांढरट लगदा होतो. तो काढून नवं भरल्याशिवाय पुढचे दोनशे किलोमीटर करू नयेत.

लेखकांनी नकाशाबरोबर नदीच्या पातळीचे रोजचे आकडे कसे पाहायचे, हे पुढच्या भागात जरूर लिहावं.

आपला,
एक सायकलस्वार वाचक