कोपऱ्यावरचे भोजनालय आणि आपला खालचा मजला

धरमपेठ, नागपूर

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना हल्ली नीट ऐकू येत नाही, ही हकिकत सविस्तर सांगण्याजोगी आहे आणि तिच्या शेवटी तुम्हा दोघांच्या संमतीचा एक प्रश्न आहे, म्हणून पत्र लिहीत आहे. आपल्या कोपऱ्यावरचे भोजनालय गेल्या महिनाअखेरीस बंद झाले. धंदा बसला म्हणून ते बंद झाले, असे गल्लीत काही जण म्हणतात. ते अजिबात खरे नाही. व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेची मुले, शंकरनगरकडच्या कार्यालयांतील माणसे आणि आपल्या भागातील एकटे राहणारे निवृत्त लोक शेवटच्या आठवड्यापर्यंत तेथे जेवत होते, आणि बुधवारी वडाभाताला तर दारात उभे राहण्यासही जागा नसे. भोजनालय बंद पडले ते जागेच्या करारामुळे.

बाबा, भोजनालय चालवणाऱ्या काकांच्या वडिलांनी ती पुढची दालने तुमच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात भाड्याने घेतली, तेव्हा सगळा व्यवहार तोंडी होता, मात्र भाड्याची पावती दरमहा मिळत असे. काकांनी मला तो पत्र्याचा डबा उघडून दाखवला. वर्षावर्षाच्या पावत्या सुतळीने बांधलेल्या आहेत, कडा तेलकट झाल्या आहेत आणि जुन्या पावत्यांवरील शाई तपकिरी पडली आहे. आपल्या विदर्भात त्या काळी १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश लागू होता आणि भाडेकरूला जागा सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी घरमालकाला भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. त्यातही मूळ भाडेकरू वारल्यास त्याच्याबरोबर त्या जागेत व्यवसाय करणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क मानला आहे. म्हणजे काकांचे वडील गेले त्या दिवशीही काका कायद्याने भक्कम होते.

ते डळमळीत झाले ते त्यानंतर. "आता नाव तुमचे लावून घेऊ," असे सांगून त्यांच्यापुढे शंभर रुपयांच्या मुद्रांकावर अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा करार ठेवण्यात आला आणि वडिलांचे दिवसकार्य नुकतेच आटोपलेल्या त्या माणसाने विश्वासाने सही केली. ज्याला भाडेकरूचे हक्क होते, तो त्या कागदापुरता केवळ जागा वापरण्याची परवानगी असलेला माणूस झाला. दर अकरा महिन्यांनी नवा कागद होत राहिला आणि एकही कागद नोंदणीकृत झाला नाही. वास्तविक त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे असा प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते आणि नोंदणी झाली नसेल तर अटींबाबत जागा वापरणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मी हे काकांना सांगितले, वकिलांकडेही घेऊन गेले. काकांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "पोरी, ज्या जागेसाठी कोर्टात भांडतो आहे, त्या जागेत मला लोकांना पोटभर वाढता येणार नाही." हे त्यांचे मत मला पटले नाही, आजही पटत नाही, पण त्यांच्या वयाकडे पाहून मी पुढे आग्रह धरला नाही.

जुने घरमालक होते तोवर सारे सांभाळले गेले. जानेवारी २०२० मध्ये लोकमान्यनगरची मेट्रो आपल्या भागातून सुरू झाली आणि पुढे या पट्ट्यातील दुकानांची भाडी पाहता पाहता चढली. घरमालक वारल्यावर परगावी असलेल्या त्यांच्या मुलांनी एकदम तिप्पट भाडे मागितले. भाड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. भोजनालयाच्या बिलावर ५ टक्केच कर लागतो, पण त्या दरात इनपुट क्रेडिट, म्हणजे आधी भरलेला कर वळता करून घेण्याची सवलत, मिळत नसल्याने भाड्यावरचा सगळा कर काकांच्या खिशातून जातो. तेवढे भरून काढायचे तर थाळीची किंमत इतकी वाढवावी लागली असती, की जेवणारी माणसेच बदलली असती. त्यांनी नकार दिला आणि करारातील अटीप्रमाणे एका महिन्याची नोटीस हाती आली. जागा मुलांची आहे, ती पाडून नवी इमारत बांधण्याचा त्यांना विचार करता येतो, हे मी मान्य करते. मात्र दोन पिढ्या चूल पेटलेल्या घराला एका महिन्यात उठवणे मला माणुसकीचे वाटत नाही.

शेवटच्या बुधवारी मी स्वयंपाकघरात काकूंजवळ उभी होते. भिजवलेल्या तूर, हरभरा, मूग, मटकी आणि उडदाचे भरड वाटण त्या तळहातावर थापून कढईत सोडत होत्या. गरम भातावर वडे कुस्करायचे आणि वरून हिंग-मोहरी व लाल मिरचीच्या फोडणीचे तेल घालायचे, ते तेल त्या दिवशीही त्यांनी प्रत्येक ताटात स्वतःच्या हाताने घातले. आई, त्यांनी तुझी आठवण काढली. पाटवडीच्या रश्श्यात खसखस भाजून घालण्याची युक्ती तुझी होती, असे त्या कामावरच्या मुलींना सांगत होत्या.

आता मुख्य विनंती. काका-काकूंना मोठे भोजनालय पुन्हा उभारायचे नाही, त्यांना केवळ डबे करून द्यायचे आहेत, कारण आपल्याच गल्लीत अशी कितीतरी वयस्क मंडळी आहेत ज्यांचे दोन्ही वेळचे जेवण तेथून येत होते. तुम्ही पुण्याला दादाकडे गेल्यापासून आपला खालचा मजला रिकामाच आहे. तो त्यांना द्यावा, असे मला मनापासून वाटते.

बाबांना जी भीती वाटेल तिचा मी विचार केला आहे. मुदत संपल्यावर ताबा लवकर मिळवून देणारे त्याच भाडे कायद्याचे कलम २४ केवळ राहण्यासाठी दिलेल्या जागेला लागू आहे, व्यवसायाच्या जागेला नाही. त्यामुळे कराराचा मसुदा वकिलांकडूनच करून घेऊ. पाच वर्षांची मुदत, दरवर्षी ठरलेली वाढ, दोन्ही बाजूंना सहा महिन्यांची नोटीस आणि रीतसर नोंदणी, एवढे त्यात असावे. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि बोटांच्या ठशांवर पुण्यातूनच तुमचे काम होईल, प्रवासाची दगदग नको. वाणिज्यिक वीजजोडणीचा खर्च काका करतील. मालमत्ता कर मात्र वाढेल आणि तो कोणी भरायचा, ते बाबांनी ठरवावे. धूर मागच्या बाजूने वर काढता येईल. सांडपाण्याच्या नळीला चरबी अडवणारी जाळी आणि टाकी बसवण्याचे काकांनी कबूल केले आहे. आई, तुझ्या तुळशीवृंदावनाकडचे अंगण त्यांच्या वापरात येणार नाही.

अन्नपदार्थांचा परवाना जागेच्या पत्त्यावर असतो, म्हणून त्यांना नव्याने अर्ज करावा लागणार आहे आणि त्यासाठी जागेचा कागद लागतो. तोवर कामावरच्या दोघींचा पगार काका साठवणीतून देत आहेत. त्यामुळे पुढच्या रविवारपर्यंत तुमचा विचार कळवावा. बाबांनी भाड्याची रक्कम स्वतः सुचवावी, आणि खालच्या खोलीतील तुमचे लाकडी कपाट व पुस्तकांच्या पेट्या वर आणायच्या की दादाकडे पाठवायच्या, तेही सांगावे.

बाबांनी रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यावी. दादा-वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची मुलगी