त्या शाळेचे मराठी वर्ग कुठे गेले?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत आमच्या भागातल्या चर्चच्या शाळेवर तुम्ही पानभर मजकूर छापलात. फोटो मस्त आलेत, त्याबद्दल अभिनंदन. पण कालपासून डोकं फिरलंय म्हणून लिहायला बसलो. पानभर इतिहास आणि त्यात शाळेच्या मराठी वर्गांचा एका ओळीचाही उल्लेख नाही? नवी बिल्डिंग, रोबोटिक्स लॅब, क्रिकेटचा कप, शाळेत शिकून गेलेली टीव्हीवरची बाई, सगळं आलं. ज्या कौलारू शेडमध्ये गावठाणातली, कोळीवाड्यातली आणि आजूबाजूच्या पाड्यांवरची पोरं जमिनीवर बसून बाराखडी शिकली ती शेड तेवढी गायब.

आणि वर लिहिलंय की 'गोव्याहून आलेल्या लोकांनी' ही शाळा उभी केली. अहो, ती माणसं इथलीच! पोर्तुगीजांच्या काळात बाटलेले मुंबईच्या साष्टी बेटावरचे कुणबी, कोळी, भंडारी, घरात मराठी बोलणारे, १८८७ मध्ये त्यांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. अंधेरी-वांद्र्याच्या कुठल्याही गावठाणात जाऊन विचारलं असतं तर एखाद्या म्हातारीनेच तुमच्या वार्ताहराला चार शब्द सुनावले असते.

चर्चच्या आवारात शाळा हे काही इंग्रजांनी आणलेलं खूळ नाही. वांद्र्याची सेंट अँड्र्यूज १७८० ची, म्हणजे मुंबईत रेल्वे यायच्या त्र्याहत्तर वर्षं आधीची, दादरला पोर्तुगीज चर्चजवळची अँटोनियो डिसिल्वा १८५१ ची. पुढे रेल्वे आली, रेल्वेत-कस्टममध्ये कारकुनाच्या नोकऱ्या निघाल्या आणि त्यासाठी इंग्रजी लागायला लागलं तसे इंग्रजी वर्ग वाढले, यात कोणाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. १९५४ साली तर मुंबई सरकारने फर्मानच काढलं होतं की अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाची पोरं सोडून बाकी कोणाला इंग्रजी शाळेत घ्यायचं नाही, सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी ते उडवलं. तेव्हापासून रांगा ज्या लागल्या त्या आजपर्यंत. हे एवढं मोठं प्रकरण, त्यालाही तुमच्या लेखात जागा नाही, रोबोटिक्स लॅबला मात्र अर्धा कॉलम.

आता माझं गाऱ्हाणं. माझे वडील आणि काका याच शाळेच्या मराठी वर्गात होते. काका तर व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सातवीच्या परीक्षेपर्यंत गेले, त्याचं घरात केवढं कौतुक! आम्ही आगरी, ओबीसी. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला कास्ट व्हॅलिडिटी, म्हणजे जातपडताळणी समितीचं प्रमाणपत्र काढायची वेळ आली, म्हणजे १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा, आणि आमच्यासारख्यांकडे जुना कागद म्हणजे एकच, शाळेचं जनरल रजिस्टर, ज्यात प्रत्येक पोराची जात-जन्मतारखेसकट नोंद असते. गेलो ऑफिसात. काचेपलीकडच्या मॅडम वर न बघता म्हणाल्या, "मराठी सेक्शन बंद झालं, त्याचं रेकॉर्ड आमच्याकडे नाही." मग कोणाकडे आहे? "माहीत नाही, अर्ज देऊन जा." अर्ज दिला. नंतर चकरा. एकदा प्रिन्सिपल मीटिंगमध्ये, एकदा स्पोर्ट्स डे, एकदा कोणाचा तरी निरोप समारंभ.

शेवटी एका म्हाताऱ्या शिपायाला दया आली. तो मला जिन्याखाली घेऊन गेला. तिथे नाताळच्या गोठ्याचं गवत, मोडकी बाकं, स्पोर्ट्स डेचे झेंडे आणि त्याच्या खाली गोणपाटात लाल कापडी बांधणीची रजिस्टरं. वाळवीने कडा खाल्लेल्या, काही पानं एकमेकांना चिकटून पापड झालेली. वडिलांचं पान नव्हतंच. काकांची नोंद मिळाली, शाईने लिहिलेली, अक्षर काय सुंदर: हिंदू आगरी, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा 'नाही'. मी तिथेच झेंड्यांवर बसून मागची-पुढची पानं वाचत राहिलो. एका ओळीत नेटिव्ह ख्रिश्चन, खाली कोळी, खाली कुणबी, खाली परत ख्रिश्चन, सगळे एकाच वर्गात. आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण. 'गावी गेला.' 'घरकाम.' 'बाप वारला.' 'वारंवार गैरहजर.' 'गिरणीत लागला.' साहेब, शाळेचा इतिहास लिहायचा तर हे वाचा ना, कपाचा फोटो कशाला?

काकांच्या नोंदीवर काम झालं, चुलत आजोबांचा कागद समितीला चालला. म्हणजे जिन्याखालच्या त्या गोणपाटाने माझ्या पोरीची सीट वाचवली म्हणायची.

सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगतो. त्याच आवारात, चाळीस पावलांवर चर्चचं ऑफिस आहे. तिथे बाप्तिस्म्याची रजिस्टरं लोखंडी कपाटात, कुलपात, नॅप्थलीनच्या गोळ्या घालून. आमच्या शेजारच्या आंटीला तिच्या आजीची नोंद हवी होती, तर फादरनी स्वतः उठून काढून दिली, चहाही पाजला. म्हणजे रजिस्टर सांभाळायचं कसं हे त्या आवारात कोणाला कळत नाही असं अजिबात नाही. मग शाळेत शिकलेल्या पोरांची नावं गवताखाली का? तुमच्या लेखात 'हेरिटेज रूम'चं काय ते वर्णन, जुनी घंटा म्हणे, पहिल्या मॅनेजर फादरांची खुर्ची म्हणे. त्या खोलीत एक कपाट रजिस्टरांसाठी ठेवलं तर खुर्ची रागावणार आहे का?

मराठी वर्ग बंद पडले त्याचं खापर मी चर्चवर फोडत नाही, आमच्याच लोकांनी पोरं काढली आणि काचेच्या दारापुढे रांगा लावल्या. पण वर्ग बंद झाला म्हणून त्यात शिकलेली माणसं रद्द होत नाहीत. माझ्या ओळखीत अजून चार घरं आहेत ज्यांना हीच नोंद लागणार आहे, आणि पुढचा पावसाळा काही त्या जिन्याखालच्या गोणपाटाला विचारून येणार नाही. तुमचा वार्ताहर तिथे जाऊन आलाय, ओळख झालीये, तर त्याने परत एकदा जावं आणि एवढंच विचारून यावं की रजिस्टरं स्कॅन कधी करणार. उत्तर मिळालं तर छापा. लेखातलं 'गोव्याहून आलेल्या' तेवढं उद्याच दुरुस्त करा.

आणि हो, शनिवारच्या शब्दकोड्याचं उत्तर तुम्ही रविवारी छापता असं कोड्याखाली लिहिलेलं असतं. गेले दोन रविवार उत्तर नाही, त्या जागी फ्लॅटची जाहिरात आहे. आमच्या मातोश्री ८३ वर्षांच्या आहेत आणि उभा ७ अजून अडलाय.

आपला,
एक जुना वाचक, अंधेरी (पूर्व)