इंटर्नला साहेब दोन, निर्णय कोणाचा?

प्रति,
माननीय केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
भारत सरकार.

महोदय,

स. न. वि. वि.

फार्मसी शिक्षणाचे नियम ठरवणारी फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, म्हणून हे पत्र आपल्याला. मी फार्म. डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) या पदवीच्या मुलांना रुग्णालयाच्या वॉर्डात शिकवतो. २००८च्या नियमावलीनुसार हा अभ्यासक्रम सहा वर्षांचा. पाच वर्षं शिक्षण, सहावं वर्ष इंटर्नशिप: सहा महिने जनरल मेडिसिन, मग तीन वेगळ्या विभागांत दोन-दोन महिने. माझं म्हणणं या शेवटच्या वर्षापुरतंच आहे. इंटर्न नेमका कोणाच्या हाताखाली असतो, हे एकदा ठरवून द्या.

कागदावर ते ठरलेलंच आहे. इंटर्नने कामाची नोंद ठेवायची, प्रिसेप्टरने, म्हणजे माझ्यासारख्या मार्गदर्शक शिक्षकाने, ती प्रमाणित करायची, प्राचार्यांनी प्रमाणपत्र द्यायचं. प्रत्यक्षात सकाळी राउंडला इंटर्न मुलगी कन्सल्टंटच्या (वरिष्ठ डॉक्टरांच्या) मागे उभी असते, दिवसभर रेसिडेंट डॉक्टर सांगतील तसं करते, मधेच चीफ फार्मसिस्ट तिला औषधसाठा मोजायला बोलावतात (तेही शिक्षणच, असं म्हणतात), आणि संध्याकाळी लॉगबुक घेऊन ती माझ्यासमोर येते. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशातली गत.

एक उदाहरण देतो. रक्त गोठू न देणारं वॉरफरिन चालू असलेल्या रुग्णाला मेट्रोनिडाझोल हे जंतुसंसर्गावरचं औषध लिहून दिलं जातं. त्याने आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) वाढून रक्तस्रावाचा धोका असतो, हे इंटर्नला पक्कं ठाऊक. ती मला विचारते. मी म्हणतो, लेखी नोंद कर आणि केसपेपरला लाव. रेसिडेंट म्हणतात, केसपेपरवर तू काही लिहायचं नाहीस, काय ते तोंडी सांग. आता यात चूक कोणाची? केसपेपर उद्या कोर्टात जाऊ शकतो, उत्तर डॉक्टरांना द्यावं लागेल, त्यांची काळजी खरी आहे. आणि लेखी नोंद नसेल तर तिने काम केलं हे मी कशावरून धरू? आम्हा दोघांचं आपापल्या जागी बरोबर असतं. म्हणूनच पेच सुटत नाही, आणि तो सोडवायची जबाबदारी आमच्यात वयाने आणि अधिकाराने सगळ्यात लहान असलेल्या व्यक्तीवर पडते. ती बहुतेक वेळा गप्प बसते.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंदही अशीच अडते. आपल्याच मंत्रालयाने २०१०मध्ये फार्माकोव्हिजिलन्सचा, म्हणजे अशा दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचा, राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आम्ही इंटर्नना फॉर्म भरायला शिकवतो. वॉर्डात मात्र तोच फॉर्म म्हणजे आपल्याविरुद्धची तक्रार, असं काहींना वाटतं.

मूल्यमापनाचा तक्ता तर यावर कडी आहे. पाच निकष, प्रत्येकाला ० ते ५ गुण, ३पेक्षा कमी म्हणजे इंटर्नशिप असमाधानकारक. एक निकष डॉक्टर, परिचारिका आणि सहकाऱ्यांशी वागणुकीचा, दुसरा पुढाकाराचा. माझं ऐकून रेसिडेंटपुढे मुद्दा लावून धरला तर वागणुकीत गुण जाणार, नाही धरला तर पुढाकारात. दोन्हीकडे पूर्ण गुण मिळवणारी मुलंही असतात. ती हुशार असतात हे मान्य, पण त्यांनी औषधशास्त्रापेक्षा माणसं सांभाळण्याचं शास्त्र जास्त आत्मसात केलेलं असतं.

हाच प्रश्न संस्थांच्या बाबतीत सुटलेला आहे. फार्मसी महाविद्यालयांवर एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद) आणि फार्मसी कौन्सिल असे दोन अंमल होते. महाविद्यालयांनी कोणाचे निकष पाळायचे हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ५ मार्च २०२०च्या निकालाने फार्मसी शिक्षणात १९४८च्या फार्मसी कायद्याखालची कौन्सिलच अंतिम, हे स्पष्ट झालं. महाविद्यालयांना वकील लावता आले. इंटर्न काय लावणार?

काही जण म्हणतील, हा महाविद्यालय आणि रुग्णालय यांच्यातला मामला आहे, दिल्लीने त्यात का पडावं? कारण त्यांच्यातला करार खाटा, विभाग आणि शुल्क यांवर बोलतो. वॉर्डात मतभेद झाला तर काय करायचं, हे मी पाहिलेल्या करारांत कुठेही लिहिलेलं नव्हतं.

म्हणून विनंती अशी, की कौन्सिलने परिपत्रक काढून प्रत्येक पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी एक पानी लेखी सामंजस्यपत्र सक्तीचं करावं, त्यावर युनिटप्रमुख आणि प्रिसेप्टर दोघांच्याही सह्या असाव्यात. उपचाराचा अंतिम निर्णय डॉक्टरांचा, शिकण्याचा आणि नोंदींचा प्रिसेप्टरचा. इंटर्नच्या सूचना केसपेपरवर येणार की वेगळ्या फॉर्मवर, हे तिथेच लिहिलेलं असावं. आणि मतभेद झाला तर प्रिसेप्टरने स्वतः कन्सल्टंटशी बोलावं; इंटर्नच्या हाती निरोप पाठवू नये. ही शेवटची अट माझ्यासारख्यांना जड जाईल, कारण विद्यार्थ्याला पुढे करणं सोपं असतं. तरी ती घालाच. वागणुकीचे गुणही एकट्याने न देता दोघांनी मिळून द्यावेत, आणि ३पेक्षा कमी दिले तर कारण लेखी द्यावं.

यासाठी कायदा बदलावा लागणार नाही, पैसाही लागणार नाही. पुढची तुकडी वॉर्डात जाण्याआधी परिपत्रक निघावं, एवढीच अपेक्षा.

आपला विश्वासू,
फार्मसी प्रॅक्टिस विभागातील एक शिक्षक