सव्वादोनची एसटी आणि न आलेला दुसरा हप्ता : मंत्रीमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय,
सविनय नमस्कार.

मंगळवारी दुपारी मला एक ईमेल आला. 'दुसऱ्या फेरीचे काम मुदतीत पूर्ण न झाल्याने' दहावीनंतर मुलांचं शिक्षण कशानं थांबतं हे पाहणारा आमचा सरकारी पैशावरचा संशोधन प्रकल्प बंद करण्यात आला आहे, पहिल्या हप्त्यातील शिल्लक ११,४०० रुपये व्याजासह पंधरा दिवसांत परत करावेत, सोबत उपयोगिता प्रमाणपत्र जोडावे. दुसरी फेरी का झाली नाही? दुसरा हप्ता आला नाही म्हणून. हप्ता का आला नाही? दुसऱ्या फेरीचा अहवाल नाही म्हणून. हे मी चौदा महिने ऐकते आहे. गेल्या वर्षी शाहू जयंतीच्या कार्यक्रमात ज्या अधिकाऱ्यांनी माइकवरून 'दिवाळीच्या आत पैसे जमा होतील' असा शब्द दिला, त्यांची बदली झाली. दिवाळी गेली, मार्चअखेरही गेली.

ते ११,४०० रुपये 'उपकरणे' या शीर्षाखाली उरले होते. ते प्रवासाला वापरू द्या म्हणून मी तीन पत्रं दिली. एकाचंही उत्तर नाही. आता व्याज मागायला मात्र पत्र आलं.

काम साधं होतं. राधानगरी आणि शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवरची आणि कोल्हापूर शहरातली, दहावी झालेली मिळून १८० मुलं-मुली. त्यांना तीन वर्षं दर मे महिन्यात भेटायचं, म्हणजे तीन फेऱ्या. कोण शिकतंय, कोण थांबलं, कशानं थांबलं, आणि ज्याचं थांबता थांबता राहिलं त्याला कशानं तारलं, हे लिहायचं. वसतिगृहानं? एसटीच्या पासानं? की एखाद्या मास्तरानं घरी येऊन बापाला समजावलं म्हणून? विषमता आहे हे सांगायला नवा अभ्यास लागत नाही. ती कशानं कमी होते, हे कुणी तपासत नाही. अमेरिकेत १९३६ पासून असलेलं विल्यम टी. ग्रँट फाउंडेशन तरुणांमधल्या विषमतेवरच्या संशोधनाला पैसे देतं, आणि अर्जदारांना हेच सांगतं की फरक दाखवून थांबू नका, तो कमी कशानं होईल ते शोधा. आपल्याकडे निदान शाहू महाराजांच्या कोल्हापुरात तरी हे कुणाला पटवून द्यावं लागू नये.

एक मुलगी सांगते. दहावीला ८४ टक्के. वाडीपासून रस्त्यापर्यंत पाऊण तास पायवाट, पुढे एसटी. सायन्सचं प्रॅक्टिकल तीनला सुरू होतं आणि तिच्या बाजूची गाडी सव्वादोनला सुटते. पुढची संध्याकाळी. तिनं उतरेपर्यंत अंधार पडतो, आणि त्या वाटेवर गवे असतात. आई म्हणाली, आर्ट्स घे. तिनं घेतलं. कॉलेजच्या नोंदीत ती 'आवडीनुसार कला शाखा' आहे. तिच्या दप्तरात अकरावीचं जीवशास्त्राचं पुस्तक मी पाहिलं, कुणाकडून तरी आणलेलं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. २०२४ साली सरकारनं ठरावीक उत्पन्नमर्यादेतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. निर्णय चांगला आहे, मी वर्गात मुलींना सांगितला. पण ही मुलगी त्या फीच्या खिडकीपर्यंत पोचणारच नाही. तिचा मेडिकलचा रस्ता सोळाव्या वर्षी एका गाडीच्या वेळेनं बंद केला. गाडीची वेळ बदलली तर अशा किती मुली सायन्सला जातील? तेच तर आम्ही मोजणार होतो.

या मे महिन्यात मी थांबले नाही. मी तासिका तत्त्वावर शिकवते. उन्हाळ्यात तास नाहीत, म्हणजे पगार नाही. लग्नातल्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून ६८,००० रुपये काढले आणि निम्मी फेरी केली. बाकीची ९० मुलं राहून गेली. सरकारी भाषेत हे 'अपूर्ण काम'. पण गेलेला मे परत येत नाही, साहेब. बारावी नापास होऊन पोरगा पुण्याला नाहीतर गोव्याला कामाला गेला, मोबाईल नंबर बदलला, की त्याचा धागा तुटला. पहिल्या फेरीवर खर्च झालेला सरकारी पैसासुद्धा त्याबरोबर वाया जातो. माझ्याबरोबर फिरलेल्या चार पोरांचं मानधन थकलं आहे. त्यातला एक आता शिरोली एमआयडीसीत रात्रपाळी करतो. फोन केला तर पैशाचं विचारत नाही, 'मॅडम, तिसरी फेरी कधी?' असं विचारतो. मला रडू येतं.

आणि पैसे नाहीत, असं मला सांगू नका. कोठारी आयोगानं १९६६ मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा म्हणून सांगितलं. आजवर तिथे पोचलो नाही. संशोधनावर देश जीडीपीचा एक टक्कासुद्धा खर्च करत नाही. २०२३ च्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी जवळपास चौथ्या हिश्शाला आपल्या भाषेतला दुसरीचा धडा सलग वाचता आला नाही. बातमी झाली, दोन दिवस चर्चा झाली, संपली. योजना जाहीर करायला कोट्यवधी आहेत. ती योजना कुणाच्या दारापर्यंत पोचली आणि कुणाच्या नाही, हे बघायला वाडीवर जाणाऱ्या माणसाचं एसटीभाडं निघत नाही. हे एका कार्यालयाचं दुखणं नाही, सगळ्या कारभाराला लागलेला रोग आहे.

१९०२ मध्ये शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गासाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, पण त्याच्या आधी १९०१ पासून वसतिगृहं उभी करायला लागले. नोकरीत जागा ठेवली तरी त्यासाठी शिकायला आलेलं पोर शहरात राहणार कुठे, हे त्यांनी आधी पाहिलं होतं. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. २६ जूनला दसरा चौकात त्यांच्या पुतळ्याला हार घालून तुम्ही लोक मुंबईला परत जाता, आणि त्यांचं काम पुढे नेणाऱ्याला वसुलीचं पत्र येतं.

माझं मागणं एवढंच आहे. चार पोरांचे थकलेले ९६,००० रुपये आधी द्या. प्रकल्प बंद करण्याचं पत्र मागे घ्या. आणि यापुढे अनेक वर्षं चालणाऱ्या अभ्यासाचे पैसे पहिल्याच दिवशी वेगळे काढून ठेवा, दर मार्चला भीक मागायला लावू नका. माझे ६८,००० नंतर बघू.

मे महिन्यात एका वाडीवरच्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, "बाई, गेल्या साली लिवून न्हेलासा, त्याचं काय झालं?" पाऊस उघडला की मी परत तिथे जाणार आहे. त्याच्या आत मला तुमचं उत्तर हवं आहे.

आपली,
तासिका तत्त्वावरील एक प्राध्यापिका, कोल्हापूर