विषय: कस्टम ॲक्टिव्हिटीची नवी आवृत्ती टाकताच जुन्या वर्कफ्लोंमधल्या जोडण्या गुपचूप बदलतात – तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा व प्रॉडक्ट विभाग

महोदय / महोदया,
स. न. वि. वि.

कामाचे टप्पे पडद्यावर ब्लॉक जोडून मांडायच्या (म्हणजेच वर्कफ्लो बनवायच्या) तुमच्या व्हिज्युअल वर्कफ्लो टूलची आमची टीम परवानाधारक ग्राहक आहे. कस्टम ॲक्टिव्हिटी, म्हणजे अनेक ब्लॉक एकत्र करून आपणच बनवलेला आणि कुठेही वापरता येणारा ब्लॉक. अशा ॲक्टिव्हिटींच्या लायब्ररीच्या मोड्यूलचे शुल्क आम्ही वेगळे भरतो आणि तक्रार त्याच मोड्यूलबद्दल आहे. आधी सपोर्टकडे तिकीट काढले होते. ‘टूल अपेक्षेप्रमाणेच चालते आहे’ असा शेरा मारून ते बंद करण्यात आले, म्हणून तुम्हाला थेट लिहिते आहे.

बाहेरच्या सर्व्हरवरून फाइल उतरवून घेण्याचे काम आमच्या बऱ्याच वर्कफ्लोंमध्ये लागते. दर ठिकाणी तेच ब्लॉक पुन्हा मांडत बसण्यापेक्षा मी त्यांची एक कस्टम ॲक्टिव्हिटी केली. तिला तीन इनपुट होते: ‘ॲड्रेस’, ‘फोल्डर’ आणि ‘ओव्हरराइट’. पहिले दोन मजकुराचे. तिसरे हो-नाहीचे: त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर तिच्यावर लिहायचे का, एवढेच ते सांगते. आमच्या सगळ्या वर्कफ्लोंमध्ये ते ‘हो’ होते. पुढे एका टीमला फाइल उतरवल्यावर मूळ जागेवरून काढून टाकायची होती. त्यांच्यासाठी ‘मूव्ह’ हे चौथे इनपुट जोडले. तेही हो-नाहीचे, डिफॉल्ट ‘नाही’. जुन्या वर्कफ्लोंचा त्याच्याशी काही संबंधच नव्हता.

पॅकेज बांधून लायब्ररीत टाकले. डिझायनरमध्ये, म्हणजे वर्कफ्लो मांडायच्या पडद्यावर, कुठेही लाल खूण नाही, इशारा नाही. रात्रीच्या रनमध्ये मात्र जुन्या वर्कफ्लोंनी ‘मूव्ह’ला ‘हो’ दिले आणि ‘ओव्हरराइट’ला काहीच दिले नाही. परिणामी समोरच्या सर्व्हरवरच्या मूळ फाइली पुसल्या गेल्या. आमच्याकडे नव्या फाइली नावापुढे आकडा लागून बाजूला पडल्या आणि पुढच्या स्टेपने आदल्या दिवशीच्याच फाइली उचलून अहवाल तयार केले. लॉगमध्ये सगळे रन ‘यशस्वी’. चुकीचे आकडे पुढे गेल्यावर लोकांचे फोन आले, तेव्हा आम्हाला कळले.

कारण शोधायला वर्कफ्लोची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. आत एक्सएमएल, म्हणजे खुणांमध्ये बांधलेला वाचता येणारा मजकूर आहे. त्यात ॲक्टिव्हिटीचे नाव आहे, डिझायनरवर तो ब्लॉक कुठे ठेवला आहे तेही आहे, पण जोडणी कोणत्या इनपुटला आहे हे नावाने लिहिलेलेच नाही. तिथे फक्त क्रमांक आहे: १, २, ३. आणि पॅकेज बांधताना तुमचे टूल इनपुट इंग्रजी वर्णक्रमाने लावते. ‘एम’ हा ‘ओ’च्या आधी येतो, त्यामुळे ‘मूव्ह’ तिसऱ्या जागी बसले आणि ‘ओव्हरराइट’ चौथ्या जागी सरकले. जुन्या वर्कफ्लोतला ‘३ = हो’ जसाच्या तसा राहिला. दोन्ही इनपुट एकाच प्रकारचे, म्हणून प्रकार तपासणाऱ्या कोडलाही खटकण्यासारखे काही उरले नाही. नव्या इनपुटचे नाव ‘झेड’ने सुरू झाले असते तर हे पत्र लिहावेच लागले नसते. ॲक्टिव्हिटीला दिलेला आयकॉन तेवढा तुम्ही नावाने साठवता, तो कुठेही हरवला नाही.

सपोर्टने दोन उपाय सुचवले. नवी आवृत्ती टाकल्यावर ती ॲक्टिव्हिटी जिथे जिथे वापरली असेल तिथल्या जोडण्या हाताने तपासा, हा पहिला. पण कोणती ॲक्टिव्हिटी कुठे वापरली आहे याची यादीच टूल देत नाही. दुसरा उपाय, नवे इनपुट हवे असल्यास नव्या नावाची वेगळी ॲक्टिव्हिटी बनवा. म्हणजे जवळपास सारख्या दोन ॲक्टिव्हिटी सांभाळायच्या, एकीत चूक सापडली की दुसरीत आठवणीने दुरुस्त करायची आणि आणखी एक इनपुट आले की तिसरी प्रत काढायची. हेच करायचे तर कॉपी-पेस्ट आम्ही फुकटात करत होतोच. त्यासाठी लायब्ररीचे शुल्क कशाला भरायचे?

हा प्रश्न तुमच्यापुढेच पहिल्यांदा आलेला नाही. १९८६मध्ये आलेल्या लॅबव्ह्यू या आकृत्यांनी प्रोग्राम लिहायच्या टूलमध्ये एका आकृतीचा ब्लॉक करून तो दुसऱ्या आकृतीत वापरता येतो. त्या ब्लॉकची जोडणीची मांडणी बदलली, तर तो वापरणारी आकृती चालायलाच नकार देते. रन करायचा बाण मोडलेला दिसतो आणि जोडणी नव्याने पक्की करावी लागते. थोडा वैताग येतो, पण फसगत होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज वर्कफ्लो फाउंडेशन या वर्कफ्लो बनवायच्या प्रणालीत आर्ग्युमेंट (तिथली इनपुट-आउटपुट) नावाने बांधलेली असतात, मधे नवे घातल्याने जुने सरकत नाही. एखादे आर्ग्युमेंट आवश्यक आहे अशी खूण कोडमध्ये केली आणि ते रिकामे राहिले, तर चूक डिझायनरमध्येच दिसते. २०१०मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या प्रोग्रामिंग मंचाच्या चौथ्या आवृत्तीबरोबर ती सगळी रचना मुळापासून बदलली, तेव्हाही जुन्या पद्धतीच्या ॲक्टिव्हिटी नव्या वर्कफ्लोत चालवण्यासाठी ‘इंटरॉप’ नावाची खास ॲक्टिव्हिटी दिली होती. आमच्याकडे तर रचना बदललेली नाही, फक्त एक इनपुट वाढले आहे.

जाता जाता आणखी एक. कस्टम ॲक्टिव्हिटीच्या आत ब्रेकपॉइंट (तपासणीसाठी रन मधेच थांबवायची खूण) लावला तर तो लागतो, पण रन तिथे थांबत नाही. आत काही बिघडले तर बाहेर ‘कस्टम ॲक्टिव्हिटीत त्रुटी’ एवढीच ओळ येते, कोणत्या ब्लॉकमध्ये ते नाही. ही तक्रार दुय्यम आहे, पण थांबता आले असते तर वरचे कारण कितीतरी लवकर सापडले असते.

आमची मुख्य मागणी अशी, की प्रत्येक इनपुटला कायमची ओळख द्या आणि जोडणी त्या ओळखीने साठवा. मग आम्ही क्रम बदलो वा नाव बदलो, जोडणी हलता कामा नये. हे व्हायला वेळ लागणार असेल, तर निदान इनपुटची यादी बदललेले पॅकेज टाकताना टूलने अडवावे आणि कोणकोणत्या वर्कफ्लोंना झळ बसेल ते दाखवावे. वर्कफ्लो ज्या आवृत्तीवर बनला तिच्यावरच राहील आणि आम्ही सांगू तेव्हाच नवीवर जाईल, अशी सोयही हवी. आज लायब्ररीत नवे टाकले की सगळे त्याच क्षणी नव्यावर जातात, आणि मागे फिरण्याचा रस्ता नाही.

बंद केलेले तिकीट पुन्हा उघडून त्यावर ‘त्रुटी’ अशी नोंद करावी आणि दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत येणार ते पंधरा दिवसांत लेखी कळवावे. दुरुस्ती येईपर्यंतचे लायब्ररी मोड्यूलचे शुल्क परत मिळावे, अशीही मागणी आहे. बदलाच्या आधीची व नंतरची वर्कफ्लो फाइल, त्या रात्रीचा लॉग आणि सपोर्टशी झालेला पत्रव्यवहार सोबत जोडला आहे. तुमच्या डेव्हलपरशी थेट बोलायची आणि हा प्रकार स्क्रीनवर करून दाखवायची माझी तयारी आहे. दोन हो-नाहीचे इनपुट असलेली कोणतीही ॲक्टिव्हिटी त्यासाठी पुरेल.

कळावे,

आपली,
वर्कफ्लो डेव्हलपर, ऑटोमेशन टीम