घोड्याचा गुंता

सांगली,
12 नोव्हेंबर

प्रिय मने,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे. मार्चपासून पत्र नाही, फोनवर नुसते अंगठे. आईचा गुडघा आहे तसा आहे, माझी शुगर काठावर, ह्यांचं पोट पुढे. झालं आरोग्य. आता ऐक.

रविवारी पोरांना बाहुल्यांच्या खेळाला नेलं होतं. ओजस, इरा आणि शेजारचा चिन्मय. चिन्मयच्या आईची ड्यूटी होती आणि ह्यांना ऐनवेळी महत्त्वाचं काम निघालं, म्हणजे मॅच. तिघांना एकटीने सांभाळणं काय असतं ते तुला कळायचं नाही. तुझा एकुलता एक, तोही कोपऱ्यात बसून पुस्तक वाचणारा.

रांगेत उभ्या उभ्या मी सांगलीकरपणा करून घेतला. 5 नोव्हेंबर 1843, विष्णुदास भावे, 'सीता स्वयंवर', बाईंपुढे घोकलेलं सगळं. वर हेही सांगितलं, की भाव्यांनी लाकडाच्या बाहुल्याही केल्या होत्या आणि त्या जुन्या बाहुल्या पुढे रामदास पाध्यांनी दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या. ओजस म्हणाला, "म्हणजे तात्या विंचूवाले?" हो रे बाबा, तेच. (तात्या विंचू बघून आल्यावर तू आठ दिवस आमच्या आजीच्या कुशीत झोपलीस, हेही सांगून टाकलं. रागावू नकोस, इरा फार हसली.)

हसू तेवढ्यापुरतंच. दिवे गेले तशी तिने भोकाड पसरलं. अंधार होणार हे चार वर्षांच्या पोरीला आधी सांगावं, कडेची खुर्ची धरावी, ही अक्कल मला लोकांचे पाय तुडवत बाहेर पडताना आली. मग तिला कडेवर घेऊन दाराशीच उभी राहिले. तिथून तिला ती म्हातारी दिसली.

मने, एवढीशी लाकडाची म्हातारी, जात्याभोवती सांडलेलं पीठ गोळा करत होती. कमरेची दोरी वर धरून डोक्याच्या सैल सोडल्या की वाकायची. मूठभर पीठ उचलायची, थांबायची, मान तिरकी करून आमच्याकडे बघायची. काळ्या कपड्यातला माणूस तिच्यामागे धडधडीत उभा होता, लपलेलाही नव्हता. तरी श्वास म्हातारीच घेत होती. इरा रडायची थांबली आणि माझ्या कानात म्हणाली, "तिची पाठ दुखते." पुढचा पाऊण तास माझा हात मोडून आला, पण पोरगी हलली नाही.

खेळ संपल्यावर त्यांनी मुलांना वर बोलावलं. नवरा, बायको आणि कॉलेजातला मुलगा, घरचीच मंडळी. एकेकाच्या हातात बाहुली देऊन कशी चालवायची ते दाखवत होते. आमच्या दोघांच्या वाट्याला एक घोडा आला. चिन्मयने नीट चार पावलं चालवून ओजसला दिला. त्या बाई पलीकडे वळल्या आणि ओजसने घोडा गरागरा फिरवला, झोपाळ्याला पीळ घालतो ना आपण, तसा. एकदा, दोनदा, दहादा. मग सोडला. उलटा फिरताना दोऱ्या एकमेकींत अशा अडकल्या की घोड्याचा मागचा पाय मानेला लागला.

बाई परत आल्या. ओरडल्या नाहीत. "कोणी केलं रे हे?" एवढंच. ओजसने चिन्मयकडे बोट दाखवलं.

चिन्मय काही बोलला नाही. त्याचे कान लाल झाले आणि तो बुटांकडे बघत राहिला. आणि मी पहिल्या रांगेपाशी, इरा कडेवर, सगळं डोळ्यांनी बघितलेलं. मी म्हणाले, "सॉरी हं, मुलं आहेत." मुलं! अनेकवचन! आजूबाजूला चार ओळखीच्या बायका होत्या, त्यातली एक तर ओजसच्याच वर्गातल्या मुलाची आई. तोंडच उघडेना.

आम्ही निघालो तेव्हा तो कॉलेजातला मुलगा स्टेजच्या कडेला मांडी घालून गुंता सोडवत बसला होता. एक दोरी काढायची, दातांत धरायची, दुसरी काढायची.

रिक्षात मी ओजसला विचारलं. तो म्हणाला, "चिन्मयने पण फिरवला होता." आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला तो चेहरा ओळखीचा वाटला. कुठे बघितलाय ते रात्री आठवलं. बघितलेला नाही, तो तू बघितलायस.

चौथीत शाळेच्या पटांगणात तो राजस्थानी कठपुतळीवाला आला होता. दोन बाकं उभी करून चादर बांधलेली, तोंडात शिट्टी धरून चिर्र चिर्र बोलायचा. आपण मागून डोकावलो. राणी खिळ्याला टांगलेली होती. दोरी ओढली, ती तुटली आणि राणी ऐन लढाईत राजाच्या डोक्यावर पडली. बाईंनी विचारलं आणि मी तुझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. तुला हातावर दोन पट्ट्या बसल्या.

तेव्हापासून हा वाद. दहावीच्या सहलीत, नंतर त्या आयर्विन पुलावरच्या भांडणात, माझ्या मेंदीच्या दिवशीसुद्धा तू तो विषय काढलास आणि मी बायकांदेखत म्हणाले, "हात तुझाच होता." इतक्या वेळा म्हणाले, की माझाही विश्वास बसला होता.

दोरी मी ओढली होती, मने.

हस आता. ग्रुपवर टाक हवं तर. नको, टाकू नकोस.

ओजसला काय सांगू? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "सात वर्षांचा आहे, विसरेल." विसरेल हीच तर भीती आहे. मी कशी छान विसरले! सोमवारी भडंगाचा डबा घेऊन चिन्मयकडे गेले, सांगायचं ठरवूनच. त्याची आई नाइट करून आलेली, केस विस्कटलेले, दारातच म्हणाली, "किती केलंत तुम्ही रविवारी, चिन्मय फार खूश होता." तो आत सोफ्यावर चित्र काढत होता. वर बघितलंही नाही त्याने. मी भडंग देऊन परत आले.

काल डबा परत आला. रिकामा कसा देणार, त्यात दिवाळीच्या उरलेल्या शंकरपाळ्या. ओजस निम्म्या खाऊन बसलाय.

तुझ्या सासऱ्यांचं ऑपरेशन नीट झालं ना? नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला का, की बिल्डर अजून चकवतोय? नाताळात येणार असशील तर तिकीट आत्ताच काढ, मागच्या वेळसारखी रडू नकोस. आणि ह्या पत्राला फोन करू नकोस, पत्रच लिही. फोनवर तू ओरडशील आणि स्वयंपाकघरात पोरं असतात.

तुझी,
वैशू

ता. क. इराला म्हातारी हवीय. मी मोज्याची करून दिली, बटणाचे डोळे लावून. "ही वाकत नाही," म्हणाली आणि परत दिली.